वंगण घरचं, धाव लोहाराची

आटे जातात तेव्हा आवाज होत नाही. पाना हाताला आधी जड लागतो, मग आणखी जड, आणि आपण स्वतःवर खूश होऊन शेवटचा एक हिसका देतो. त्या हिसक्याला बोल्ट एकाएकी लोण्यासारखा मऊ होतो. फिरतोय, फिरतोच आहे, पण बसत काही नाही. अंगणात गाडीशेजारी उकिडवा बसलेला माणूस त्या क्षणी काय करतो? इकडेतिकडे बघतो. कुणी पाहिलं तर नाही ना?

माझ्या बाबतीत सगळ्या घरानं पाहिलं होतं, कारण ‘आजपासून गाडीची सर्व्हिसिंग घरीच’ अशी घोषणा मी सकाळच्या चहाला करून बसलो होतो. गाडी २००९ सालची स्प्लेंडर, टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ लिहिलेली. काम म्हटलं तर साधं. इंजिनाच्या पोटाखालचा बोल्ट खोलून जुनं ऑइल सोडायचं, बोल्ट परत लावायचा, वरून नवं ऑइल ओतायचं. पण बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचं पोट अॅल्युमिनियमचं. दोघांची जुंपली तर हरणार कोण, हे आधीच ठरलेलं. जुनं ऑइल निथळायला घेतलेली परात नंतर स्वयंपाकघरात परत गेली नाही, ते प्रकरण वेगळं.

गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. शहापूरहून किन्हवलीकडे जाताना रस्त्याच्या कडेला त्याची पत्र्याची शेड आहे. बाहेर टायरवर चुन्यानं रंगवलेलं ‘हवा’, आत तेलानं काळी कुळकुळीत झालेली जमीन. मिस्त्रीनं खाली वाकून बोल्ट बोटानंच फिरवला, बोटानंच काढला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “सर, जोर किती लावलात?”

“पुरेसा लावला.”

“पुरेसा नाय, जाम लावलात.”

मग त्यानं जे केलं ते मी पाऊण तास मोडक्या स्टुलावर बसून बघितलं. आधी भोकात टॅप घालून एक साइज मोठे आटे पाडायचे. टॅप म्हणजे आटे कापणारा पोलादी दांडा. पण कापताना अॅल्युमिनियमचा कीस इंजिनात पडला तर नवीच पीडा. म्हणून त्यानं टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, टॅप बाहेर, कापडानं पुसायचा, परत ग्रीस. पुसलेल्या कापडावर चांदीच्या भुकटीसारखे कण चमकत होते. शेवटी थोडं स्वस्तातलं ऑइल वरून ओतून खालून सोडून दिलं, की आत काही राहिलं असेल तर वाहून जावं. मोठा बोल्ट लावला, तांब्याची नवी वायसर घातली. मग माझा पाना हातात घेतला, त्याची लांबी बघितली आणि बाजूला ठेवला.

“हा लांब हाय म्हणून होतं. हा न्या.” त्यानं स्वतःचा आखूड, सोळा-सतराचा पाना माझ्या हातावर ठेवला. “मनगटानं आवळायचं. खांदा लावायचा नाय.”

पाना घेऊन मी घरी आलो. परत करायचा राहून गेला.

आता घरीच सर्व्हिसिंगचं हे खूळ डोक्यात शिरलं कसं, तेही सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी गाडी एका मोठ्या, काचेच्या दारांच्या वर्कशॉपमध्ये दिली होती. बिलावर ओळीनं कामं छापलेली असत: ऑइल बदललं, चेन साफ केली, एअर फिल्टर साफ केला. गाडी मात्र पूर्वीसारखीच जड चालायची. मला संशय आला. पुढच्या वेळी गाडी देण्याआधी मी एअर फिल्टरचं झाकण उघडलं, आसनगाव-कल्याणचं जुनं तिकीट घडी करून आत ठेवलं आणि झाकण लावून टाकलं. संध्याकाळी गाडी मिळाली ती नवरीसारखी. टाकी चकाचक, टायरांनासुद्धा काळं पॉलिश. बिलावर फिल्टर साफ. घरी येऊन झाकण काढलं, तर तिकीट जिथल्या तिथं, आणि त्यावर धुळीचा थर. भांडायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं सांगणार, की फिल्टरात तिकीट ठेवून हेरगिरी केली?

दोन्ही प्रसंगांचा हिशोब मांडला तर तो माझ्या बाजूनं येत नाही. त्यांनी न केलेल्या कामापेक्षा मी केलेलं काम महाग पडलं. तरीही तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे: कुठलं काम आपण करायचं आणि कुठलं दुसऱ्याच्या हातात द्यायचं? शहरात या प्रश्नाला फारसा अर्थ नाही, तिथं दर चौकात गॅरेज आहे. आमच्याकडे तो फार जवळचा आहे.

पहाटे आसनगाव स्टेशनबाहेर जाऊन उभं राहावं. माहुलीचे सुळके अजून अंधारात असतात आणि किन्हवलीकडून, शेणव्याकडून, डोळखांबकडून दिव्यांच्या माळा येत राहतात. गाड्या हँडलला हँडल लावून उभ्या राहतात, माणसं धावत कसाऱ्याहून येणारी लोकल गाठतात आणि रात्री त्याच गाडीवर बसून गावी परततात. मुरबाडकरांना तेवढीही सोय नाही, तिथं आजही रेल्वे नाही. कल्याण गाठा, नाहीतर बारवी धरणाच्या रस्त्यानं बदलापूर. एमआयडीसीतली पाळी, दुधाच्या किटल्या, आश्रमशाळेतली नोकरी, जुलैत भाताच्या रोपांच्या जुड्या, बाजाराला निघालेली म्हातारी: सगळ्याचा भार या शंभर सीसीच्या गाड्यांवर. एसटी चुकली की पुढची कधी, ते स्टँडवरच्या कुत्र्यालाच ठाऊक.

तालुक्यातून रस्ते जातात, त्यातही गंमत आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. तो शहापूर तालुक्याच्या डोंगरांतून बोगदे काढत जातो. जमिनी इथल्या शेतकऱ्यांच्या गेल्या, आणि त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे ज्याच्या खाचरातून रस्ता गेला, तो त्याच रस्त्याखालच्या बोगद्यातून, चिखलातून, आपली स्प्लेंडर रेटत जातो. त्या चिखलानं चेन खाल्ली की पुन्हा मिस्त्रीच.

माझे आजोबा मुरबाडकडचे. त्यांची बैलगाडी होती, आणि म्हशाच्या जत्रेत घेतलेली खिल्लारी जोडी. पौष पौर्णिमेच्या त्या जत्रेचा गुरांचा बाजार अजून भरतो, पण आता त्याच माळावर मोटारसायकली लावायला जागा पुरत नाही. तर बैलगाडीच्या कण्याला वंगण घालायला आजोबा कधी कुणाकडे गेले नाहीत. वंगणाचं नळकांडं गाडीलाच टांगलेलं असायचं. चाक कुरकुरलं की थांबायचं, चाक सैल करून कण्याला वंगण फासायचं आणि निघायचं. ज्याचं चाक वाजत गावात येई, त्याला लोक हसत. पण चाकाची धाव सैल झाली, तर आजोबा तिला हात लावत नसत. ते काम लोहाराचं. लोखंडाची धाव जाळात लाल होईस्तोवर तापवायची, तापून ती फुगते, मग चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. निवताना ती आक्रसते आणि लाकडाला अशी कवटाळते की आरे करकरतात. माप कणभर चुकलं तर एकतर धाव निघून येते, नाहीतर चाकच मोडतं. लोहाराला त्याचं बलुतं धान्यात मिळे, आणि ते द्यायला कुणी कुरकुर केल्याचं आठवत नाही.

वंगण घरचं, धाव लोहाराची. मला वाटतं, मोटारसायकल आली तेव्हा ही वाटणी सोबत आली होती. नंतर ती दोनदा मोडली.

पहिल्या गाड्यांनी तर मालकाला अर्धा मिस्त्रीच करून सोडलं होतं. दुधवाल्यांची लाडकी राजदूत घ्या. एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची गाडी, मूळ घडण पोलंडमधल्या एसएचएल कंपनीची. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळायचं आणि दोन्ही जाळायची. जळकं ऑइल काजळी धरतं. प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत काजळीचा कण अडकला की ठिणगी बंद, गाडी जागेवर. त्यामुळे राजदूत, येझदी चालवणाऱ्याच्या खिशात प्लग-पाना आणि पॉलिश कागदाचा तुकडा असे, जसा पानवाल्याकडे अडकित्ता. सायलेन्सर तुंबला की आतली नळी काढून चुलीत घालायची, काजळी जळून लाल झाली की बाहेर काढून आपटायची. एका जुन्या दुधवाल्यानं मला सांगितलं, की त्याची आई भाकऱ्या झाल्यावर स्वतःच हाक मारायची, “नळी घालायची असंल तर घाल रे, आर हाय.”

मग १९८४ साली हिरो आणि होंडा एकत्र आले आणि पुढच्याच वर्षी सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक. पेट्रोलात ऑइल मिसळायला नको, लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात, आणि घोषवाक्य ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’. भरा, बंद करा, विसरून जा. लोक खरंच विसरले. १९९४ साली स्प्लेंडर आली तोवर नव्या पिढीला प्लग कुठं असतो हे ठाऊक असण्याची गरज उरली नव्हती. ही पहिली मोड. गाडी इतकी गुणी निघाली की वंगणाचं कामसुद्धा लोहाराकडे गेलं. चेन ढिली होऊन कव्हरवर खडखड आपटते आहे आणि वर बसलेला माणूस मोबाइलवर बोलत निवांत चालला आहे, असं दृश्य मी रोज बघतो. चेन ताणायला दोन पाने आणि दहा मिनिटं लागतात. चेन खालून बोटानं उचलावी, दोन-अडीच सेंटिमीटर हलली की ठीक. पण सांगणार कुणाला?

यावर एक तोडगा आमच्या भागानं आपोआप काढलेला आहे. इथं मालक गाडी टाकून जात नाही. बसून राहतो. मिस्त्रीच्या शेडमधलं ते मोडकं स्टूल, बाहेरचा बाक, उभ्या केलेल्या ट्रकच्या टायरचा कट्टा: हे सगळं गॅरेजचंच सामान समजायचं. मिस्त्री हात लांब करतो, मालक पाना देतो. “बारा-तेरा नाय, दहा-अकरा.” दुसऱ्या वेळी न सांगता दहा-अकरा येतो. चाक काढताना कुणीतरी गाडी तिरकी धरतो, तो कोण? पुढच्या गाडीचा मालक. माझं स्वतःचं सगळं शिक्षण या बाकावर झालं. मोबाइलवरच्या व्हिडिओत बोल्ट दिसतो, बोल्टाला लावलेला जोर दिसत नाही. तो मनगटाकडे बघूनच कळतो.

आणि तिथं बसल्यावरच उमगलं, की आपण मजुरी कशाची देतो. माझ्या स्प्लेंडरचं टॅपेट वाजायला लागलं होतं. वरच्या बाजूनं शिवणयंत्रासारखी टकटक. मी घाबरून गेलो. मिस्त्रीनं गाडी चालू केली, लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर नळी लावतात तसं. मग म्हणाला, “असू द्या. टकटक करते ती जगते. गप बसली की समजायचं, वॉल जळाला.”

याचा अर्थ मी नंतर समजून घेतला. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमध्ये केसाएवढी फट लागते, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. इंजिन तापलं की धातू वाढतो, त्याला ती जागा हवी. फट जास्त झाली तर आवाज येतो, पण फार बिघडत नाही. कमी झाली तर आवाज बंद होतो, कान सुखावतो, आणि आत व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. त्या चिरेतून पेटता वायू निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कडा जळते. घरी सर्व्हिसिंग करणारा उत्साही माणूस नेमका इथं फसतो. त्याला आवाज घालवायचा असतो. तरी खात्रीसाठी मिस्त्रीनं पातळ पत्ती फटीत सरकवली, स्क्रू कणभर फिरवला, पत्ती ओढून बघितली. मला म्हणाला, तुम्ही ओढा. मिटलेल्या पुस्तकातून कागद ओढताना लागतो तेवढाच अडकाव. मी ओढला, मला तो कळला, पण तो बरोबर आहे की नाही हे मला अजूनही त्यालाच विचारावं लागेल. कोनसेट बदलणं, शॉकअपचं सील, क्लच प्लेटा, तारेच्या चाकाचा आउट काढणं ही सगळी याच जातीची कामं. धाव बसवण्याची.

उरलेली वंगणाची. त्यातही डोळस असावं लागतं. माझा भाचा वासिंदजवळच्या गोदामात कामाला आहे. त्यानं एकदा ऑनलाइन स्वस्त मिळालं म्हणून मोटारीचं ऑइल गाडीत ओतलं. “मामा, ऑइल ते ऑइल.” आठवड्याभरात गाडी चढाला नुसतीच ओरडायला लागली, पुढं जाईना. मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच तिघंही एकाच ऑइलात बुडालेले असतात. मोटारीचा क्लच कोरडा, वेगळ्या घरात. म्हणून मोटारीच्या ऑइलात घसरण वाढवणारी द्रव्यं घालतात, ती क्लच प्लेटांना लागली की प्लेटा एकमेकींवरून घसरतात. दुचाकीच्या डब्यावर ‘जासो एमए’ अशी खूण असते, ती याचसाठी. आणखी एक: स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक जाळी आणि एक गरगर फिरणारी वाटी, जी घाण कडेला फेकून साठवते. ती वाटी ऑइल बदलताना कुणी उघडत नाही, पण कधीतरी उघडून पुसावी लागते. माझ्या गाडीतून निघालेला काळा लगदा मिस्त्रीनं पेचकसाच्या टोकावर उचलून दाखवला. शेवाळलेल्या शेणासारखा होता.

आणि जुनं ऑइल? घरी काढलं तर ते जातं कुठं? माझं पहिल्या वेळचं परसातल्या खड्ड्यात गेलं, हे कबूल करतो. गॅरेजातलं जळकं ऑइल इथं वाया जात नाही. दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून लोक न्यायला येतात, कुंपणाच्या खांबांना फासतात, सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला कॅनच्या कॅन उचलतात. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. आमच्या तालुक्यात याला जरा वेगळी धार आहे. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची पाण्याची भांडी याच मुलखात. भातशाचं पाणी तर धरणातून नदीच्या पात्रानं पिसे गावापर्यंत वाहत जातं आणि तिथून मुंबईसाठी उचललं जातं. परसातल्या खड्ड्यातलं काळं तेल पावसाळ्यात ओढ्याला लागतं, आणि ओढा नदीला. एप्रिलात आमच्याच पाड्यांवर टँकर येतात, तेव्हा रस्त्याकडेचं वॉशिंग सेंटर मात्र बोअरच्या पाण्यावर दिवसभर गाड्या धूत असतं. मी आता तेल त्याच डब्यात परत भरून मिस्त्रीच्या पिंपात ओततो.

ही सगळी बाकावरची शाळा म्हणतोय, पण त्या बाकावर बाई बसलेली मी पाहिलेली नाही. ओळखीच्या एक आरोग्यसेविका आहेत, पाड्यापाड्यांवर स्कूटर घेऊन फिरतात. त्यांच्या पर्समध्ये छोटी वही असते: किती किलोमीटरला ऑइल, कधी बेल्ट, कधी ब्रेक लायनर. इतका चोख हिशोब मी कुठल्या पुरुषाकडे पाहिला नाही. तरी गॅरेजवाला काय बिघडलंय ते त्यांच्या यजमानांना फोन करून सांगतो. “त्यांना स्कूटर चालवतासुद्धा येत नाही,” त्या म्हणाल्या, आणि वही मिटली.

दुसरी मोड आली ती १ एप्रिल २०२० ला. बीएस-६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक साध्या गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला. कार्बोरेटर म्हणजे मिस्त्रीची खरी जहागीर. एअर स्क्रू दीड फेरा, जेटात फुंकर, फ्लोट हलवून कानाशी धरणं. त्याच्या जागी आता पंप, इंजेक्टर, चारदोन सेन्सर आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा एक बंद डबा. मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. हवेसाठी हे बरं झालं, पेट्रोलही वाचतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण कार्बोरेटरची गाडी आजारी पडली की कण्हायची, फटफट करायची, धूर सोडायची, म्हणजे कुठं दुखतंय ते सांगायची. ही नुसती दिवा लावते. तो दिवा वाचायला स्कॅनर लागतो, आणि बॅटरी पार उतरली तर बहुतेक वेळा ढकलूनही उपयोग नाही, कारण पंपच दाब देत नाही.

भाच्याची गाडी यातली. गेल्या पावसाळ्यात टोकावड्याच्या पुढं दिवा लागला आणि गाडी बंद. टेम्पोत घालून आणली. मिस्त्रीनं प्लग बघितला, वायरिंगची टोकं कोरडी केली, बॅटरी तपासली. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला. वीस वर्षांत त्याला तसा उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. शेवटी कल्याणच्या ओळखीच्या माणसाकडून स्कॅनर दोन दिवसांसाठी आणला. खराब निघालं ते फार साधं: एका सेन्सरच्या जोडात पाणी. पण ते साधं आहे हे कळायला यंत्र लागलं, आणि ते यंत्र त्याचं नव्हतं.

अशी यंत्रं कुणाच्या हातात असावीत, हे भांडण जगभर चाललेलं आहे, आपल्याकडेही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. ठपका हाच: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. प्रकरण अपिलात गेलं. पुढं २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं. दुरुस्तीचा हक्क ही भाषा चांगली आहे. पण किन्हवली रस्त्यावरच्या शेडमध्ये बसून ऐकताना वाटतं, हा हक्क मालकाचा म्हणून मांडतात, आणि आमच्याकडे त्याची खरी निकड मिस्त्रीला आहे. लोहाराला भट्टीच पेटवता येत नसेल, तर वंगणाचं नळकांडं आपल्याकडे असून काय करायचं?

तरी रस्ता आपली परीक्षा घ्यायची थांबत नाही. ऑगस्टातली संध्याकाळ, मुरबाडहून परत येत होतो. सरळगाव मागं पडलं आणि किन्हवलीच्या अलीकडे उतारावर क्लच दाबला तर हातात काहीच नाही. वायर तुटलेली. लिव्हरपाशी असते त्या शिशाच्या गोळीतूनच ती सुटते, नेहमीची जागा. पाऊस, फोनला रेंज नाही, दोन्हीकडे भात. पूर्वीचा मी असतो तर गाडी ढकलत बसलो असतो. बाकावर ऐकलेलं आठवलं. गाडी न्यूट्रलमध्ये चालू केली, उतारावरून तिच्याबरोबर चार पावलं पळालो, उडी मारून बसलो आणि पहिला गिअर टाकला. गाडीनं घोड्यासारखा एक झटका दिला आणि चालायला लागली. पुढचे गिअर अॅक्सिलरेटर किंचित सोडून टाकायचे, वेग आणि गिअर जुळले की आपसूक बसतात. फक्त थांबायचं नाही. वाटेत एक म्हैस आडवी आली, तेव्हा मी तिला उद्देशून जे बोललो ते इथं छापता येणार नाही.

शेड बंद व्हायच्या वेळेला पोचलो. मिस्त्रीनं पाच मिनिटांत नवी वायर घातली, आणि एक जादा वायर जुन्या वायरीला समांतर, टेपनं बांधून दिली. “परत तुटली तर टोकं बदलायची फक्त. दुधवाले असंच करतात.” मजुरीचं विचारलं तर म्हणाला, वायरीचे द्या. मी जास्त दिले. तो पाऊस आणि तो उतार यांचा भाव मला ठाऊक होता.

यंदा खंडेनवमीला त्याच्याकडे गेलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गॅरेजात काम नसतं आणि गर्दी सगळ्यात जास्त असते. रात्रीपर्यंत गाड्या धुऊन रांगेत, दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार पडायचे. मिस्त्रीनं जमीन राखेनं घासून काढली होती. धुतलेलं गोणपाट अंथरलं आणि त्यावर एकेक पाना पुसून मांडायला घेतला. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. लहानापासून मोठ्यापर्यंत, पायऱ्या चढत गेल्यासारखे. पुढं पेचकस, हातोडी, टॅपचा तो संच. एका कोपऱ्यात कुठूनसा मिळवलेला, स्वतःच्या पैशांनी घेतलेला जुना स्कॅनर, त्यालाही हळद-कुंकू. चौदा-पंधराच्या आणि अठरा-एकोणीसच्या मधे त्यानं चार बोटं जागा सोडली होती.

“हितं कोण होता?” त्याच्या हाताखालच्या पोरानं विचारलं.

मिस्त्री बोलला नाही. निरांजनात तेल घालत राहिला. मी बाहेर येऊन सीट उचलली, कापडात गुंडाळलेला आखूड पाना काढला, शर्टाला पुसला आणि त्या चार बोटांत नेऊन ठेवला.

“ठेवा तुमच्याकडंच,” तो म्हणाला. “पूजा झाल्यावर.”